शिफ्ट संपायच्या आत लिहा

नव्या सुपरवायझरला मी आधी एक वाक्य तोंडातून काढायला बंदी घालतो: "उद्यापासून येऊ नकोस." नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागात, माझी सगळी नोकरी गेली. गेटवर चार जणांसमोर असं बोललं की माणूस युनियनकडे जातो, तिथून लेबर कोर्टात, आणि कोर्ट विचारतं, चौकशी कुठाय? कामावरून काढायचा अधिकार सुपरवायझरला नसतोच. आपल्या हातात असतो तो घडलेल्या गैरवर्तनाचा रिपोर्ट, आणि पुढची सगळी केस त्यावर उभी राहते.

तो त्याच शिफ्टमध्ये लिहायचा. दुसऱ्या दिवशी लिहिलात तर उलटतपासणीत पहिला प्रश्न येतो, "रात्रभर कोणाकोणाशी बोललात?" तारीख, वेळ, मशीन, कामगाराचा टोकन नंबर, जवळ कोण होतं, हे सगळं हवं. "उद्धट वर्तन केले" हे तुमचं मत झालं. तो काय बोलला ते लिहा. शिवी दिली असेल तर जशीच्या तशी. लाजून "अश्लील शिवीगाळ" एवढंच लिहिणारे पुष्कळ बघितले. शॉपमध्ये निम्मी बोलणी शिवीनेच सुरू होतात, मग ही वेगळी का होती हे कळायला नको? वरिष्ठाला शिवीगाळ केल्याबद्दलची बडतर्फी सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये महिंद्रा अँड महिंद्राच्या प्रकरणात कायम ठेवली. पण त्या जोरावर प्रत्येक शिवीला घरचा रस्ता दाखवता येत नाही.

नाईटला कोणी झोपलेला दिसला तर उठवायच्या आधी सिक्युरिटीला बोलवा, दोघांनी बघा, घड्याळ बघा. उठल्यावर तो म्हणणारच, "डोळे चोळत होतो, साहेब." पिऊन आला असेल तर नुसत्या वासावर भागत नाही. डॉक्टरकडे न्या, तपासणीला नाही म्हणाला तर साक्षीदारासमोर तेही लिहा. बाईमाणसाने छळाची तक्रार केली तर मात्र मध्ये पडू नका, समजूत घालायला तर मुळीच नाही. 2013 च्या कायद्याने त्यासाठी अंतर्गत समिती आहे, तक्रार तिकडेच जाऊ द्या.

रिपोर्टवरून एचआर चार्जशीट, म्हणजे कामगाराला द्यायचं आरोपपत्र, काढतं. आरोप स्टँडिंग ऑर्डरच्या, म्हणजे कारखान्याच्या नोकरीच्या नियमांच्या, कुठल्या कलमात बसतो ते एकदा विचारून घ्या, कारण तिथे न लिहिलेलं गैरवर्तन आयत्या वेळी शोधून काढता येत नाही. पत्र माणसाला समजेल अशा भाषेत हवं. आमच्याकडे इंग्रजी चार्जशीटवर सही घेऊन मोकळे होणारे साहेब होते. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. निलंबित केलं तर पहिले 90 दिवस पगाराच्या निम्मा भत्ता, आणि पुढे उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर 75 टक्के. तो वेळेवर द्या. आता नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निलंबनातली चौकशी साधारण 90 दिवसांत संपवावी असं आहे.

चौकशी अधिकारी तुम्ही नसता, तुम्ही साक्षीदार. विचारलं तेवढंच सांगा. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. कामगाराचा प्रतिनिधी तुम्हाला चिडवणार, ते त्याचं कामच आहे. पुढे आरोप सिद्ध झाला तरी शिक्षा ठरवताना जुना रेकॉर्ड बघावा लागतो. महाराष्ट्रात 1971 च्या कायद्याने किरकोळ चुकीला धक्कादायक मोठी शिक्षा देणं ही अनुचित कामगार प्रथा ठरवली, म्हणून तर युनियनवाले लगेच "यूएलपी टाकतो", म्हणजे अशा प्रथेची तक्रार टाकतो, म्हणायचे. पंधरा वर्षांच्या स्वच्छ नोकरीनंतर एकदा तोंड सुटलेल्या माणसाला काढा असं मी तरी सुचवणार नाही.

सांगितल्याशिवाय गैरहजर राहणाऱ्यांचं प्रकरण सोपं वाटतं आणि तिथेच जास्त फसतात. हजेरीपटावरून परस्पर नाव कापायचं नाही. म्हणणं मांडायची संधी न देता असं काढणं सुप्रीम कोर्टाने 1993 मध्ये चूक ठरवलं. शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पोचपावतीसह पत्र पाठवा. "घर बंद" किंवा "घेण्यास नकार" असा पोस्टमनचा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका. तसंच बंद फाईलला लावा, चौकशीत तेच दाखवायचं असतं.