हॉट टबच्या गझिबोसाठी जागा तयार करताना या चुका टाळा

लोणावळा, मुळशी, इगतपुरी भागातल्या बंगल्याच्या परसात हॉट टब (गरम पाण्यात बसायचं मोठं टाकं) बसवायचा ठरला की बहुतेक जण आधी गझिबोचं, म्हणजे त्यावरच्या खांबांवर उभ्या उघड्या छपराचं, डिझाइन पसंत करतात आणि जमिनीकडे शेवटी बघतात. पुढची सगळी डोकेदुखी तिथून सुरू होते.

वजन न मोजणे. २.१ × २.१ मीटरच्या टबात १३०० लिटर पाणी म्हणजे १३०० किलो. त्यात रिकाम्या टबाचे ३५० आणि सहा माणसांचे ४२० किलो धरा. दोन टनांच्या वर भार झाला, तोही सव्वाचार-साडेचार चौरस मीटरवर. वाळूवर मांडलेले पेव्हर ब्लॉक हा भार पेलत नाहीत. पहिल्याच पावसात वाळू धुपते आणि एक कोपरा खचतो.

काळ्या मातीवर थेट काँक्रीट. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचा स्लॅब तिच्याबरोबर हलतो आणि तडकतो. किमान ४५ ते ६० सेंमी माती काढून टाका. जागी मुरूम भरा, पण एकदम नाही: १५ सेंमीचा थर, पाणी, धुम्मसाने ठोकणं, मग पुढचा थर. घराच्या भिंतीलगत पाया खणताना टाकलेली भर असते. ती वर्षानुवर्षं दबत राहते, म्हणून तिथेही हेच करा.

मुरुमावर सोलिंग (दगडांचा थर), पीसीसी (सळयांशिवायचं काँक्रीट) आणि वर १२५ मिमीचा एम-२० प्रतीच्या काँक्रीटचा स्लॅब. ८ मिमी सळयांची जाळी १५ सेंमी अंतराने बांधून कव्हर ब्लॉकवर, म्हणजे जाळी जमिनीपासून उचलून धरणाऱ्या छोट्या ठोकळ्यांवर ठेवा. 'ओतताना वर ओढून घेऊ' म्हणून जमिनीवर टाकलेली जाळी तळाशीच राहते आणि कामाला येत नाही. ४.२ × ४.२ मीटरच्या स्लॅबला सुमारे २.२ घनमीटर काँक्रीट, म्हणजे सिमेंटच्या १८ गोण्या लागतात. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान १० दिवस पाणी मारा. टब भरायचा तो २८ दिवसांनंतरच.

सगळ्या स्लॅबला ढाळ. गवंडी सवयीने गच्चीसारखा ढाळ देतो. टबाखालची जागा मात्र सपाटच हवी. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने चारही कोपरे एका पातळीत आहेत का ते तपासा. ढाळ द्यायचा तो टबाच्या बाहेरच्या पट्टीला, मीटरला २ सेंमी. स्लॅब आजूबाजूच्या मातीपेक्षा १० ते १५ सेंमी उंच ठेवा. गझिबोचं छप्पर ४ × ४ मीटरचं असेल तर १०० मिमी पावसात त्यावरून १६०० लिटर पाणी उतरतं, आणि घाटमाथ्यावर जुलैत असे दिवस नवे नाहीत. छपराला पन्हळ आणि जमिनीत चर ठेवला नाही, तर हे पाणी थेट पायाच्या कडेला मुरतं.

खांब स्लॅबच्या कडेला ठोकणे. वारा गझिबोला ढकलतो, तसाच खालून उचलतोही. कडेपासून चार-पाच सेंमीवर ड्रिल केलेला बोल्ट काँक्रीटचा तुकडा घेऊन निघतो. प्रत्येक खांबाला किमान ४५ × ४५ सेंमीचा, ६० सेंमी खोल वेगळा पाया द्या. गझिबोसोबत आलेल्या कागदावर जास्त सांगितलं असेल तर तेच पाळा. बेसप्लेटचा (खांबाखालच्या लोखंडी पट्टीचा) साचा लावून बोल्ट ओतकामातच बसवा. खांबांचा चौकोन ४ मीटरचा असेल, तर दोन्ही कर्ण ५.६६ मीटर भरले पाहिजेत.

वायर नंतर टाकू. स्लॅब झाल्यावर तो फोडावाच लागतो. आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल आधीच ७५ सेंमी खोल पाइपातून न्या. टबाला स्वतंत्र लाइन, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग हवंच. यात काटकसर जिवावर बेतते. आयसोलेटर (वीज पूर्ण बंद करणारा स्विच) टबातून हात पोहोचणार नाही असा, दोन मीटरपलीकडे आणि नजरेसमोर. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

आधी गझिबो, मग टब. टब कडेवर उभा करून आणतात. ट्रॉलीसकट तो सव्वादोन मीटर उंच होतो आणि खांबांतून, तुळईखालून जात नाही. फाटकापासूनची वाटही मोजा. मोटरच्या झाकणासमोर ९० सेंमी मोकळे सोडा, नाहीतर पंप बदलायला अख्खा टब हलवावा लागतो.

टब भरल्यावर पाण्याची रेघ कडेशी बघा. एका बाजूला ती सेंमीभर खाली दिसली तर जमीन दबली आहे. फरशीचे तुकडे वा लाकडी पाचर खाली सारू नका, टबाचं कवच त्या जागी तडकतं. पाणी काढा, टब सरकवा आणि खचलेला भाग मुरुमापासून पुन्हा करा. काढलेलं क्लोरीनचं पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नका. त्यातले जिवाणू मरतात.