‘देवदास’ची चर्चा गावच्या वाचनालयात: एक कादंबरी, दोन चित्रपट आणि वीस वाचकांना एकत्र कसं बसवावं

रडवणारी प्रेमकथा चर्चेला घेतली की पहिल्या पंधरा मिनिटांत तट पडतात. एकीचे डोळे वाचताना भरून आलेले असतात. दुसऱ्याला दारूपायी आयुष्य घालवणाऱ्या माणसाचं कौतुक सहन होत नाही. तिसऱ्याचा राग दिग्दर्शकावर असतो. तिघेही खरंच बोलत असतात; फक्त एकीचं बोलणं स्वतःला काय वाटलं याबद्दल असतं, दुसऱ्याचं नायकाच्या वागण्याबद्दल आणि तिसऱ्याचं कथा पडद्यावर येताना काय झालं याबद्दल. हे तीन धागे सुटे केले नाहीत तर चहा येईपर्यंत नुसता गुंता वाढतो. पुढे दिलेली सगळी रीत हे धागे सुटे ठेवण्यासाठी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाचनालयात, पंधरा ते वीस माणसांत, ती चालते.

पुस्तक ‘देवदास’च का? शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची ही कादंबरी १९१७ साली पुस्तकरूपाने आली. ती लहान आहे, सोळा प्रकरणांची. सवयीचा वाचक दोन-तीन संध्याकाळींत संपवतो. शिवाय ती न वाचलेल्या माणसाच्याही मनात तिचं चित्र तयार असतं. ‘अगदी देवदास झालाय’ हे आपण सहज बोलून जातो. चर्चेला येणारा प्रत्येक जण ते चित्र घेऊनच येतो आणि पुस्तक त्या चित्राला बऱ्याच ठिकाणी जुमानत नाही. चर्चेला खरा रंग तिथे भरतो.

चित्रपट मात्र दोन घ्या. पुस्तकासमोर एकच चित्रपट ठेवला की बैठकीचं कोर्ट होतं: आरोपी चित्रपट, फिर्यादी पुस्तक, निकाल ठरलेला. दुसरा चित्रपट आला की तीच कथा तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितली असं दिसू लागतं. बिमल रॉय यांचा १९५५चा आणि संजय लीला भन्साळी यांचा २००२चा, ही जोडी सर्वांत उपयोगी. पहिला पुस्तकाच्या बराच जवळून जातो, दुसरा मुद्दाम लांब जातो. (सैगल यांचा १९३६चा चित्रपट हौशी मंडळींनी वेगळा पाहावा. त्याचं छायालेखन बिमल रॉय यांचंच होतं, त्यामुळे १९५५चा चित्रपट करताना ते या कथेकडे दुसऱ्यांदा वळत होते, हे सांगायला विसरू नका.)

दशावतार पाहत मोठ्या झालेल्या प्रेक्षकाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आख्यान सगळ्यांना पाठ असतं, लिहिलेली संहिता नसते, संवाद नट जागेवर रचतात, आणि तरी पहाटे घरी जाताना माणसं आजचा राजा कसा उभा राहिला, कालच्यापेक्षा काय वेगळं केलं, यावर नेमकं बोलतात. सुरुवातीलाच ही आठवण करून द्या. ‘पुस्तकात असं नव्हतं’ ही तक्रार न राहता निरीक्षण होतं.

हक्कांचं आधी बघा

शरच्चंद्र १९३८ मध्ये वारले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, त्यामुळे मूळ बंगाली कादंबरी खुली आहे. मराठी अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाचा, म्हणून अख्ख्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढून वाटू नका. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे १९५५च्या चित्रपटाचा २०१५ अखेर संपला, पण गीतकार साहिर लुधियानवी १९८० मध्ये गेले असल्याने त्यातल्या गाण्यांच्या शब्दांवरचा हक्क शिल्लक आहे. २००२चा चित्रपट तर पूर्ण हक्काखाली आहे. वाचनालयाच्या सभागृहात काहीही दाखवायचं तर परवानगीचा प्रश्न आधी जाणत्या माणसाकडून सोडवून घ्या. ते जमत नसेल तर दोन्ही चित्रपट सभासदांनी घरी पाहावेत. चर्चेला त्याने काही उणं पडत नाही.

दिवस आणि वेळ

इथे बहुतेक उपक्रम फसतात. जून ते सप्टेंबर लाईटचा भरवसा नाही आणि ओढ्यापलीकडचा वाचक पावसाच्या सरीबरोबर घरीच अडकतो. मग गणपती, त्यामागून भातकापणी. एप्रिल-मे आंब्याचा, बागायतदार पेट्या भरण्यात आणि बाकीचे पाहुण्यांत. शिमग्यात कोणी विचारूही नये. उरतो तो नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ. त्यातही सिंधुदुर्गात जत्रा सुरू झालेल्या असतात, म्हणून गावची आणि शेजारच्या दोन गावांची जत्रा कुठल्या तिथीला ते विचारून मगच तारीख लावा.

वेळ दुपारी साडेतीन ते साडेपाच. मोहोरावरची फवारणी सकाळी उरकलेली असते, मासळीबाजार आटोपलेला असतो, आणि दिवेलागणीच्या आत बायका घरी पोचतात. संध्याकाळी सातची वेळ ठेवली की समोर फक्त निवृत्त पुरुष उरतात आणि ‘देवदास’वर फक्त निवृत्त पुरुषांनी बोलणं हे अर्धंच बोलणं आहे. शेवटच्या एसटीची वेळ फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. ज्याला गाडीची धास्ती असते तो पाचनंतर ऐकत नाही.

प्रती आणि वाचन

वीस वाचकांना सहा प्रती पुरतात. एका प्रतीला एक आठवडा, म्हणजे चार आठवड्यांत सगळ्यांचं वाचून होतं. प्रती वेगवेगळ्या अनुवादांच्या असतील तर पानांचे आकडे जुळणार नाहीत. सगळ्यांना प्रकरणाचा क्रमांक टिपायला सांगा. ज्यांना डोळ्यांमुळे वाचता येत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन दुपारी मोठ्याने वाचन ठेवा. एका बैठकीत दोन प्रकरणं आरामात होतात. ऐकून आलेली माणसं चर्चेत बहुधा सर्वांत पक्की निघतात, कारण त्यांनी पानं उडवलेली नसतात.

चिठ्ठ्या

प्रत्येक वाचकाला पोस्टकार्डाएवढ्या तीन चिठ्ठ्या द्या. पांढरी कादंबरीची, पिवळी १९५५ची, गुलाबी २००२ची. प्रत्येकीवर तेच तीन प्रश्न:

कुठल्या जागी थांबलात (रडू आलं, राग आला, पुस्तक मिटलं, काहीही)? ती जागा सांगा.
कोणाच्या कुठल्या एका कृतीचा राग आला?
एकच गोष्ट बदलायची मुभा असती तर काय बदललं असतं?

‘आवडलं का?’ हा प्रश्न लिहू नका. त्याचं उत्तर दिल्यावर माणूस ते राखत बसतो.

पांढरी चिठ्ठी चित्रपट पाहण्याआधी जमा करून घ्यायची. यात ढिलाई नको. एकदा दिलीपकुमारांचा चेहरा डोळ्यांसमोर आला की वाचलेला देवदास पुसला जातो आणि नंतर लिहिलेली चिठ्ठी चित्रपटाचीच निघते. ज्यांना मुळात चित्रपट पाठच आहे त्यांनी चिठ्ठीच्या कोपऱ्यात तशी खूण करावी. त्यांची मतं वेगळी वाचावी लागतात.

चर्चेचा दिवस

खुर्च्या गोल मांडा. रांगा लावल्या तर बायका आपोआप मागे बसतात. पहिली दहा मिनिटं सूत्रधाराने फक्त चिठ्ठ्या वाचून दाखवायच्या, नाव न घेता. मग प्रत्येकाला दोन मिनिटं, मध्ये कोणी बोलायचं नाही. वीस माणसांची चाळीस मिनिटं होतात. चहा त्यानंतरच. पुढचा तास खाली दिलेल्या गाठींना.

पहिली गाठ पार्वतीच्या, म्हणजे देवदासची बालमैत्रीण पारो हिच्या, वयाची. कादंबरीत लग्नाची गोष्ट निघते तेव्हा तिला तेरावं लागलेलं असतं आणि घरच्यांना ती लग्नाला आलेली वाटते. मुलीच्या लग्नाला किमान चौदा वर्षांची अट घालणारा शारदा कायदा १९२९चा, म्हणजे पुस्तकानंतर बारा वर्षांनी आलेला. पडद्यावर सुचित्रा सेन किंवा ऐश्वर्या राय दिसतात, पूर्ण वाढलेल्या बायका. ‘ती सरळ पळून का गेली नाही’ हा प्रश्न चित्रपट पाहिलेले विचारतात. पुस्तकाने आधीच सांगितलेलं उत्तर म्हणजे हे वय. ते समजल्यावर, ती रात्री एकटीच त्याच्या खोलीत जाते त्या प्रसंगाचं धाडस कितीतरी वाढतं आणि त्याने नंतर कलकत्त्याहून लिहिलेलं पत्र कितीतरी जास्त टोचतं. ते पत्र मोठ्याने वाचाच.

दुसरी गाठ पाण्याच्या घाटावरच्या माराची, आणि इथे घाई करू नका. देवदास गळाची काठी पार्वतीच्या कपाळावर मारतो, रक्त येतं, आणि लगेच स्वतःच पट्टी बांधतो. २००२च्या चित्रपटात काठीच्या जागी हार आहे. पन्नाशीच्या पुढचे बरेच वाचक याला प्रेमाची खूण म्हणतात. तरुण मुली सरळ मारहाण म्हणतात. दोघांना एकच काम द्या: मजकुरातले कुठले शब्द वाचून तसं वाटलं ते दाखवा. गरवायला (गळाने मासे धरायला) जाणाऱ्या कोणालाही विचारा, त्या काठीचा फटका कसा बसतो. काठीच्या जागी हार आला की वेदनेचा दागिना होतो, आणि हा बदल भन्साळींच्या चित्रपटातला सर्वांत बोलका बदल आहे असं आमचं ठाम मत आहे. सूत्रधाराने मात्र आपलं मत इथे शेवटी द्यावं.

तिसरी गाठ चंद्रमुखीची, म्हणजे देवदासवर जीव लावणाऱ्या कलावंतिणीची. कादंबरीत ती आणि पार्वती कधी भेटतच नाहीत. १९५५मध्ये रस्त्यात एकमेकींना नुसतं पाहतात. २००२मध्ये दोघी एकत्र नाचतात. वैजयंतीमालांनी १९५५च्या भूमिकेसाठी मिळालेला सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार नाकारला होता. चंद्रमुखी दुय्यम नाही, ही त्यांची भूमिका होती. पुस्तक उघडून विचारा: देवदाससाठी धंदा, घर आणि शहर कोणी सोडलं? बहुतेक पांढऱ्या चिठ्ठ्यांवर तिचं नावही नसतं. या प्रश्नानंतर वाचकांना ते स्वतःच दिसतं.

चौथी गाठ शेवटाची. २००२मध्ये पार्वती धावत सुटते आणि तो डोळे मिटत असताना फाटक बंद होतं. कादंबरीत तिला बातमी कळते ती सगळं आटोपल्यावर. चित्रपटाचा शेवट आधी आवाज बंद करून चार मिनिटं पाहा, मग आवाजासकट. (लॅपटॉपवर चौघा-पाच जणांनी घरी करायचा हा प्रयोग आहे.) आवाजाविना किती हलतं आणि आवाजाने किती हलवलं जातं, ते ज्याचं त्याला कळतं. त्यानंतर कादंबरीचा शेवटचा परिच्छेद सावकाश वाचा. शरच्चंद्र तिथे थेट वाचकाकडे वळतात आणि देवदाससारख्या अभाग्यासाठी थोडी प्रार्थना मागतात. सनई-सारंगीवर टीका करणाऱ्यांना इथे थांबावं लागतं, कारण लेखकानेही हात पुढे केलेलाच आहे. ती मागणी पुस्तकाने आधीच्या पंधरा प्रकरणांत कमावली की नाही, हा खरा वादाचा मुद्दा आहे आणि त्यावर अर्धा तास सहज जातो.

काय बिघडतं

एखादे जाणते गुरुजी शरच्चंद्रांवर व्याख्यान सुरू करतात. त्यांना आधीच वेगळं काम द्या: पत्र आणि शेवटचा परिच्छेद त्यांनीच वाचावा. आवाज चांगला असतो आणि सभाही त्यांची राहते.

सूत्रधार पुस्तकी भाषेत बोलू लागला की निम्मी माणसं गप्प होतात. ‘माका पारो पटली, देवदास नाय पटलो’ हे वाक्य पूर्ण समीक्षा आहे; ते जसंच्या तसं फळ्यावर लिहा, शुद्ध करू नका.

दारूवर विनोद होऊ देऊ नका. खोलीत कोणाच्या तरी घरी हे रोजचं असतं, आणि एका हशाने ती व्यक्ती त्या दिवसापुरती बंद होते. तिच्या पांढऱ्या चिठ्ठीवर देवदासऐवजी धर्मदासाचं नाव असू शकतं, कारण आजारी पिणाऱ्याला सांभाळणारा तो जुना नोकर तिला आधी दिसतो. अशी चिठ्ठी आली तर ती पहिल्या पाचांत वाचा.

‘आपल्याकडेही असंच होतं’ हा विषय शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी राखून ठेवा. मुंबईला गेलेले, वाट पाहणाऱ्या, मोडलेली लग्नं हे सगळं येणारच आणि यावंही. तो आधी आला तर पुस्तक बाजूला पडतं आणि ओळखीच्या घरांची नावं निघू लागतात. नाव निघालंच तर सूत्रधाराने लगेच प्रकरणाचा क्रमांक विचारावा.

कोणी रडलं तर पाणी द्या आणि पुढच्या माणसाकडे वळा. समजूत काढत बसलात तर रडणं हाच कार्यक्रम होतो.

चर्चा संपल्यावर सगळ्यांना कोरी चौथी चिठ्ठी द्या, त्यावर फक्त पहिला प्रश्न: कुठल्या जागी थांबलात? पांढरीला ती टाचणीने जोडा. जागा बदललेल्या जोड्या वेगळ्या काढा आणि त्या माणसांना पुढच्या महिन्याचं पुस्तक निवडायला बसवा. सगळ्या चिठ्ठ्या नॅप्थलीनच्या दोन गोळ्या घालून डब्यात बंद करा, आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. खालच्या फळीवर पावसाळ्यात ओल चढते.