वर्डमध्ये आलेख नीट बसवायचाय? माप एक्सेलमध्येच ठरवा

परभणीत माझं टायपिंग-बाइंडिंगचं काम आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ गावातच, त्यामुळे सोयाबीन, तूर, कापसाचे प्रबंध सतत हाताखालून जातात. पोरं हंगामच्या हंगाम शेतात उभं राहून आकडे गोळा करतात आणि आलेखातली अक्षरं मात्र भिंग लावून वाचावी लागतात. हे बघून जीव तुटतो, कारण दुरुस्ती अगदी सोपी आहे.

बहुतेक जण एक्सेलमध्ये ऐसपैस आलेख काढतात, वर्डमध्ये चिकटवतात आणि कोपरा धरून लहान करतात. चित्र म्हणून चिकटवलेला आलेख दाबला की आतली अक्षरंही दाबली जातात. २४ सेंमी रुंद आलेखात १० पॉइंटची अक्षरं असतील आणि तो १४.५ सेंमीवर आणला, तर अक्षरं उरतात जेमतेम ६ पॉइंटची. इंग्रजी कसंबसं वाचता येईल, पण देवनागरीतले उकार, रफार आणि जोडाक्षरं त्या मापाला एकमेकांत मिसळतात. म्हणून वर्डमध्ये आलेखाचं माप बदलायचंच नाही. हवं ते माप एक्सेलमध्ये द्यायचं.

आधी जागा मोजा. ए४ कागद २१ सेंमी रुंद. बाइंडिंगसाठी डावीकडे ३.८१ आणि उजवीकडे २.५४ सेंमी सोडले, तर मजकुराला १४.६५ उरतात. मी आलेख १४.५ रुंद आणि ८.५ उंच धरते. दोन्ही बाजूंना २.५४ असेल तर १५.९२ मिळतात, मग १५.५ धरा.

आता एक्सेलमध्ये आलेखावर क्लिक करा, वर ‘फॉरमॅट’ उघडा. उजव्या टोकाला उंची-रुंदीचे दोन चौकोन दिसतील, त्यांत माप टाका. चौकोन इंच दाखवत असेल तर आकड्यापुढे सेंमीचं इंग्रजी लघुरूप (cm) टाइप करा, तो स्वतः बदलून घेतो. सगळे आलेख एकाच मापाचे हवे असतील तर कंट्रोल दाबून एकेक निवडा आणि माप एकदाच द्या. शिवाय ‘फॉरमॅट चार्ट एरिया’मध्ये ‘डोन्ट मूव्ह ऑर साइझ विथ सेल्स’ निवडून ठेवा, नाहीतर रकाना रुंद केला की आलेखही ताणला जातो.

एक्सेलऐवजी लिब्रेऑफिस कॅल्क वापरत असाल तर आलेखावर एकदाच क्लिक करा, मग उजवं क्लिक करून ‘पोझिशन अँड साइझ’ उघडा आणि तिथे माप द्या. दोनदा क्लिक केलं तर तुम्ही आलेखाच्या आत शिरता, मग एस्केप दाबून बाहेर या.

माप दिल्यावर अक्षरं ९ किंवा १० पॉइंटची करा. आता नावं मावत नाहीत असं दिसेल. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचा आलेख घ्या. लातूर, बीड, जालना बसतात, पण ‘छत्रपती संभाजीनगर’ आलं की एक्सेल सगळीच नावं तिरकी करतो आणि निम्मी उंची त्यांतच जाते. अशा वेळी अक्षरं लहान करू नका, उभ्या स्तंभांऐवजी आडव्या पट्ट्या घ्या. नावं डावीकडे सरळ ओळीत येतात. फक्त क्रम उलटा लागतो, यादीतला पहिला जिल्हा तळाशी जातो. नावांच्या अक्षावर उजवं क्लिक करून ‘फॉरमॅट अ‍ॅक्सिस’मध्ये ‘कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर’वर टिक करा. मग आकड्यांची रेघ वर जाते, ती खाली आणायला तिथेच ‘अ‍ॅट मॅक्सिमम कॅटेगरी’ निवडा. आलेखाच्या आतलं शीर्षकही काढून टाका. खाली आकृती क्रमांकासोबत तेच लिहिणार आहात, आणि तेवढी उंची पट्ट्यांना मिळते.

वर्डमध्ये साधं पेस्ट करू नका. तसं केलं की आलेख मूळ फाइलशी जोडलेला राहतो, वर्डच्या थीमचे रंग आणि फॉन्ट घेतो, आणि फाइल पेनड्राइव्हवर दुसरीकडे नेली की जोड तुटते. कंट्रोल+ऑल्ट+व्ही दाबून ‘पिक्चर, एन्हान्स्ड मेटाफाइल’ निवडा, छपाई रेखीव येते. मराठी अक्षरं तुटलेली दिसली तर त्याच यादीतलं ‘पिक्चर, पीएनजी’ घ्या. एक्सेलची फाइल मात्र जपून ठेवा. गाइड सरांनी एक आकडा बदलायला सांगितला तर चित्रात काही करता येत नाही.

चिकटवल्यावर आलेखाची नुसती खालची पट्टी दिसली तर घाबरू नका, आलेख गेलेला नाही. त्या परिच्छेदाचं लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’वर असतं, ते ‘सिंगल’ करा की अख्खा आलेख उघडतो. रॅपिंग ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवा, म्हणजे वर दोन ओळी वाढल्या तरी आलेख आपली जागा सोडून भलतीकडे जाणार नाही. आकृतीचं नाव पुढच्या पानावर पडत असेल तर आलेखाच्या परिच्छेदाला ‘कीप विथ नेक्स्ट’ लावा.

छपाईला वर्डची फाइल देऊ नका. आपल्याच संगणकावर पीडीएफ करा, कारण दुसऱ्याकडे तो मराठी फॉन्ट नसेल तर ओळी सरकतात. काळ्या-पांढऱ्या प्रती काढणार असाल तर त्याआधी पट्ट्यांना गडद-फिके रंग द्या. लाल आणि हिरवा कागदावर बऱ्याचदा सारखेच राखाडी उमटतात.