मलावीच्या ग्रंथालयात काम करायला येताय? आधी दानाच्या खोक्यांबद्दल बोलू

ग्रंथालयशास्त्र शिकून आफ्रिकेत यायचा विचार करणारी मराठी मुलंमुली मला नेहमी व्हिसा आणि पगाराबद्दल विचारतात. मी मात्र आधी दानात येणाऱ्या पुस्तकांबद्दल सांगते, कारण तुमचा निम्मा वेळ त्यातच जाणार आहे.

स्कॉटलंडमध्ये शिकत असताना मी शनिवारी एका चर्चच्या हॉलमध्ये पुस्तकं निवडून खोकी भरायला जायचे. पुढे उत्तर मलावीतल्या एका विद्यापीठात तशीच खोकी उघडायचं काम माझ्याकडे आलं. या दोन देशांचं नातं जुनं आहे. स्कॉटिश मिशनरी १८७५ मध्ये मलावी सरोवराकाठी पोहोचले. उत्तर मलावीतल्या लिव्हिंगस्टोनियात विद्यापीठ व्हावं, असं त्या मिशनऱ्यांपैकी डॉ. रॉबर्ट लॉज यांच्या मनात होतं. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चने २००३ मध्ये ते सुरू केलं. गरजही खरीच आहे. डिसेंबर २०१५ मध्ये म्झुझू विद्यापीठाचं ग्रंथालय आगीत जळालं, हजारो पुस्तकं गेली. परदेशी पाठ्यपुस्तक विकत घेणं तर बहुतेक विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचं.

म्हणूनच काय येतंय, याला महत्त्व आहे. एका खोक्यात वर शुश्रूषेची उत्तम पुस्तकं होती. खाली ब्रिटनच्या आयकराच्या जुन्या मार्गदर्शिका, विणकामाची पुस्तकं आणि तळाशी ओल लागून पानं एकमेकांना चिकटलेला जाडजूड शब्दकोश. देणाऱ्यांची माया खरी होती. पण त्या प्रत्येक पुस्तकाच्या वाहतुकीचं भाडं कुणीतरी भरलं होतं, आणि ते हातात घेऊन तपासायला आमच्याकडे माणसं मोजकीच होती. बुरशी लागलेलं पुस्तक इतरांपासून लगेच वेगळं करा, तिथे भिडेला जागा नाही.

माझं ठाम मत आहे, यादी ग्रंथालयाने द्यावी आणि पुस्तकं देणाऱ्या चर्चने त्यातलं जमेल ते पाठवावं. यादी करायला प्राध्यापकांकडून अभ्यासक्रम घ्या. लेखक, आवृत्ती, आयएसबीएन आणि किती प्रती हव्यात ते लिहा. वैद्यक, संगणक, कायदा यांत जुनी आवृत्ती नकोच. औषधाची जुनी मात्रा शिकलेली नर्स उद्या खऱ्या रुग्णासमोर उभी राहणार असते. गणित, इतिहास, साहित्य यांना वयाची अट नको, बांधणी धड असली की पुरे. नको असलेली पुस्तकं काढून टाकायचा अधिकार ग्रंथालयाचा, हेही आधीच लेखी ठरवा.

पैशांचंही तसंच. मलावीला समुद्र नाही. कंटेनर मोझांबिकमधल्या बैरा किंवा नकालाहून, नाहीतर टांझानियातल्या दार-एस-सलामहून येतो. तिथून पुढचं भाडं, कस्टममधून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटची फी आणि कागद अडकले तर डेमरेज, म्हणजे माल रखडल्याचा आकार, कोण भरणार, हे खोकी निघण्याआधी ठरलं पाहिजे. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचा; माल त्याआधी पोहोचेल असं बघा. खोकी एका माणसाला उचलता येतील एवढीच भरा, आत प्लास्टिक घाला.

पुस्तक दाखल करून तालिकेत चढवलं नाही, तर ते आलं काय आणि न आलं काय, सारखंच. ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा पहिला नियम आपण बी.लिब.ला परीक्षेपुरता पाठ करतो. इथे तो रोज लागतो. कोहा ही ग्रंथालयाचं काम संगणकावर चालवायची मुक्त प्रणाली भारतातच शिकून या. मासिकं दानात मागूच नका. रिसर्चफोरलाइफ या ऑनलाइन उपक्रमातून कमी उत्पन्नाच्या देशांतल्या संस्थांना शोधपत्रिका विनाशुल्क किंवा अगदी कमी दरात वाचता येतात. २००२ मध्ये सुरू झालेलं आरोग्यविषयक हिनारी त्याचाच भाग. विद्यार्थ्यांना ते वापरायला शिकवणं, हेही तुमचंच काम.

आणि तिथल्या ग्रंथपालांना विचारल्याशिवाय चर्चला परस्पर काही कळवू नका. कुठली पुस्तकं वाचली जातील, हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. चर्चला आभाराच्या फोटोबरोबर सहा महिन्यांनी देवघेवीचा अहवालही पाठवा. कुठली पुस्तकं सतत बाहेर असतात हे कळलं, की पुढच्या वेळी त्यांच्याच जास्त प्रती मागता येतात.