कोल्हापुरात दोन दिवस खायला जाताय? आधी घड्याळ बघा

माझी सासुरवाडी कोल्हापूर. त्यामुळे दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतोच, वीकेंडला चाललोय, कुठं खाऊ, नावं पाठव. नावं मी पाठवतो, पण नुसत्या नावांनी काम होत नाही हे मी स्वतः भोगलंय. लग्न नवीन होतं, पुण्यातून गाडी काढली, वाटेत दोनदा चहाला थांबलो, साताऱ्यात उगाच तास घालवला आणि अडीच वाजता शहरात शिरलो. मेव्हण्याला म्हटलं घरी नंतर, आधी मिसळ. तो काही न बोलता घेऊन गेला. शटर अर्धं खाली, आत एक पोरगा भलंमोठं पातेलं घासत बसलेला. मेव्हणा म्हणाला, "दाजी, मिसळ काय तुमची वाट बघत बसत्या व्हय?"

तेव्हापासून नावं पाठवायच्या आधी मी वेळ सांगतो. इथं प्रत्येक पदार्थाचा टाइम ठरलेला आहे आणि तो चुकला की तुम्ही कितीही नावाजलेल्या ठिकाणी जा, एकतर बंद मिळेल नाहीतर उरलंसुरलं मिळेल.

मुंबईकरांचं सोपं आहे, महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री बसायचं, सकाळी कोल्हापूर. लॉजवर सामान टाका, तोंड धुवा आणि बाहेर पडा, लॉजचा फुकटचा नाष्टा खाऊ नका, तो खाल्लात तर पुढचं सगळं फुकट. गाडीने येणाऱ्यांनी अंधारात निघा किंवा आदल्या रात्री येऊन झोपा. मिसळीला साडेनऊ-दहाच्या आत पोचायचं. रविवारी त्याच्याही आधी, कारण रविवारी अख्खं कोल्हापूर मिसळीला बाहेर पडलेलं असतं आणि तुम्ही रांगेत उभं राहून दुसऱ्याच्या प्लेटीकडे बघत बसता.

आता कुठं. उद्यमनगरात फडतरे, तिकडं कसबा बावड्यात बावडा मिसळ, अंबाबाईच्या देवळाजवळ चोरगे, खासबाग मैदानाजवळ खासबाग मिसळ. यातली भारी कुठली हे मला विचारू नका, माझ्या सासरच्या घरात यावरून दोन पार्ट्या आहेत, सासरे एकीकडे आणि मेव्हणा एकीकडे, मी जावई असल्यामुळे दोन्हीकडे मान डोलावतो. पण अगदीच पहिल्यांदा जाताय आणि एकच खाणार असाल तर फडतरे करा. उद्यमनगर म्हणजे सगळी वर्कशॉप, लेथ मशिनचा आवाज, लोखंडाचा वास, आणि त्याच्या मधोमध ही गर्दी. दोन दिवस असतील तर दुसऱ्या दिवशी देवदर्शन करून चोरगे, म्हणजे पार्किंग एकदाच शोधायला लागतं. फक्त मंगळवार-शुक्रवार देवळाला गर्दी जास्त, त्या दिवशी तो भाग टाळलेला बरा, आणि नवरात्रात तर गाडी घेऊन तिकडं फिरकूच नका.

मिसळ समोर आली की पाव मागू नका. इथं ब्रेड मिळतो, जाड स्लाइस, आणि तोच बरोबर आहे कारण तो कट पितो. कट म्हणजे वरचा तो लालभडक रस्सा. प्लेटमध्ये खाली उसळ असते, वर फरसाण-शेव, कांदा-कोथिंबीर, आणि वाढणारा वरून कट ओततो तेव्हा शेवेचा चर्र असा बारीक आवाज येतो, तो आवाज जायच्या आत पहिला घास गेला पाहिजे, नंतर शेव मऊ पडते. फोटो काढायचा तर एकच काढा. सगळं एकदम कालवू नका, कडेकडेने खात जा, लिंबू अर्धं आत्ता आणि अर्धं कट परत घेतल्यावर. कट संपला की तो परत फिरतो, लाजायचं नाही, वाटी पुढं करायची. तिखटाची भीती असेल तर आधीच सांगा, कट बाजूला द्या म्हणून, कुणी हसत नाही. आणि ठसका लागला तर पाणी पिऊ नका, कोरडा ब्रेड चावा किंवा दही मागवा, पाण्याने नुसती आग पसरते.

एक गैरसमज. बाहेरच्या हॉटेलात व्हेज कोल्हापुरी नावाखाली जे काही मिळतं, मिरच्या घालून लाल केलेली ग्रेव्ही, तिचा आणि कोल्हापूरचा संबंध नाही. इथलं जेवण तिखट असतं पण त्यात खोबरं असतं, तीळ असतात, खसखस असते, आणि कांदा-लसणाची चटणी असते जी घरोघरी उन्हाळ्यात वर्षभराची करून ठेवतात. चटणी म्हणजे इथं ताटात डावीकडे वाढतात ती नाही, तिखटाच्या डब्यातली. माझ्या सासूबाई पोह्यातही घालतात.

मिसळीनंतर मधे काहीही खाऊ नका. हे सगळ्यात अवघड आहे कारण महाद्वार रोडवर दर दहा पावलांवर काहीतरी तळत असतं. न्यू पॅलेसचं म्युझियम बघा, रंकाळ्यावर चक्कर मारा, चपला घ्या, काहीही करा पण पोट रिकामं करा.

कारण दुपारी मटण आहे, आणि मटणाला साडेबारा ते एक ही वेळ. दोनला गेलं तर चालत नाही का, चालतं, पण त्याचं कारण ऐका. मटण आधी नुसतं मीठ-हळद-आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवतात, त्या पाण्याला अळणी म्हणतात, घरात लहान पोरांना वाटीत हीच देतात. या अळणीचे पुढं दोन रस्ते होतात. एका भागात चटणी आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण पडलं की तांबडा रस्सा, दुसऱ्यात नारळाचं दूध, तीळ-खसखस-काजूचं वाटण आणि खडा मसाला पडला की पांढरा. म्हणून शिजवतानाच हळद अगदी नावाला घालतात, नाहीतर पांढरा पिवळा होतो. आता नारळाचं दूध जास्त उकळलं की फुटतं. म्हणजे पांढरा परत परत गरम करून चालत नाही, सारखा उकळला की वर पाणी आणि खाली गाळ असं दिसायला लागतं. तांबडा दिवसभर टिकतो, उलट मुरून बराच होतो, पण पांढरा ताजाच प्यायचा. एकदा आम्ही लग्नाच्या खरेदीत साडेतीन केले आणि मग एका चांगल्या चालत्या हॉटेलात बसलो, नाव नाही सांगत कारण चूक आमचीच, पांढरा असा आला की सासऱ्यांनी वाटी नुसती नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. पूर्ण जेवण होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

जागा म्हणाल तर ओपल आहे, पद्मा आहे, देहाती आहे, ही नावं रिक्षावाल्याला सांगितली तरी पुरतात. फॅमिली असेल, वयस्कर माणसं असतील, नीट बसून जेवायचं असेल तर ओपल. नाहीतर मग खरं सांगू का, लॉजवाल्याला विचारू नका, त्याचं कुठंतरी कमिशन असतं, ज्या रिक्षातून आलात त्या रिक्षावाल्याला विचारा की मामा तुम्ही स्वतः मटण कुठं खाता. अशा पद्धतीने मला दोन खानावळी सापडल्यात ज्यांना धड बोर्ड पण नाही आणि तिथं मी आजपर्यंत कधी निराश झालो नाही.

ताट आलं की आधी पांढरा, वाटी तोंडाला लावून, चमच्याने नाही. मग भाकरी कुस्करून तांबड्यात, सुक्कं मटण मधे मधे, आणि शेवटी थोडा भात, त्याच्यावर अर्धा तांबडा अर्धा पांढरा. हे मिक्स करणं कुणी शिकवत नाही पण आजूबाजूला बघा, सगळे तेच करत असतात. बऱ्याच ठिकाणी रस्सा परत मिळतो, मटण परत मिळत नाही, तेव्हा पीस जपून वापरा. मटण न खाणाऱ्यांनी नाराज व्हायचं कारण नाही, पिठलं-भाकरी आणि मिरचीचा खर्डा हे कॉम्बिनेशन सांगा, खर्डा मात्र बोटाच्या टोकावर घेऊन आधी चाखा.

वाराचं पण लक्षात ठेवा. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरात खात नाहीत, त्यामुळे मटणाचा खरा माहोल बुधवारी आणि रविवारी. श्रावणात मटणासाठी येऊच नका, हॉटेलं चालू असतात पण मजा नसते. याच्या उलट आषाढ. आषाढात त्र्यंबोली देवीच्या यात्रा असतात, गल्लोगल्ली जेवणं उठतात, आणि तुमची कुणाशी थोडी जरी ओळख असली तर त्या महिन्यात हॉटेलची गरजच पडत नाही.

संध्याकाळी भूक नसतेच, तरी खासबागेकडे जा. खासबाग मैदान म्हणजे शाहू महाराजांनी कुस्तीसाठी बांधलेलं, त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह, २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याला आग लागली तेव्हा आमच्या सासऱ्यांसारखे लोक घरातलं कुणी गेल्यासारखे बसले होते. त्याच भागात राजाभाऊची भेळ. भेळेत चिंचेचं पाणी ओतून लगदा करणाऱ्यातली ही नाही, कोरडी-ओली मधली, आणि ती उभं राहूनच खायची. एकात दोघांनी खा. मग आईस्क्रीम, कॉकटेल म्हणायचं फक्त, सोळंकीकडे मिळतं. फळं, जेली, सुकामेवा, सगळं एका ग्लासात. मला स्वतःला ते जरा लग्नाच्या पंगतीतल्या फ्रूट सॅलडसारखं वाटतं पण हे सासरी बोलायची सोय नाही.

आणि झोपायच्या आधी गंगावेशीत दूध कट्टा. हे चुकवू नका, बाकी एखादी गोष्ट राहिली तरी चालेल. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या, गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि ग्लास फेसासकट हातात देतो. गरम नाही, थंड नाही, अंगाच्या उबेचं. तिथं मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारी तालमीतनं आलेली दोन पोरं मोठाले ग्लास एका दमात पिऊन मिशा पुसत होती आणि मी अर्ध्या ग्लासात अडकलो होतो. एक मात्र स्पष्ट सांगतो, हे कच्चं दूध आहे, न उकळलेलं. पोट नाजूक असेल, लहान मूल बरोबर असेल, घरात कुणी गरोदर असेल तर नुसतं बघा आणि या, डॉक्टर लोक कच्च्या दुधाला नाही म्हणतात आणि ते बरोबरच आहे. आणि परतीचा प्रवास त्याच रात्रीचा असेल तरी पिऊ नका, का ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी पन्हाळा. वीसेक किलोमीटर, सकाळी मिसळ खाऊन निघायचं, तासाभरात वर. तिथं मोठ्या हॉटेलात बसायचं नाही, गडावर बायका चुलीवर झुणका-भाकर करतात तिथं बसायचं. बारा-साडेबाराला, म्हणजे भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. पावसाळ्यात धुक्यात भाकरीचा वास आधी येतो आणि मावशी नंतर दिसतात. दह्याचं बारकं मडकं मिळालं तर घ्या, खर्ड्यावर उपाय तोच. हिवाळ्यात आलात तर उतरताना एखादं गुऱ्हाळ चालू दिसेल, गाडी थांबवा, विचारून आत जा, कढईतला ताजा गरम गूळ खायला देतात, काकवी बाटलीत भरून मिळते.

घरी न्यायला कांदा-लसणाची चटणी घ्याच, पण सुटी, समोर वजन करून देतात ती. भडंग हवं असेल तर ते जयसिंगपूरचं नावाजलेलं, कोल्हापुरातही मिळतं. चटणी दोन पिशव्यांत घालून वर रबर लावा आणि कपड्यांच्या बॅगेत ठेवू नका. माझा एक पांढरा शर्ट तेव्हापासून तांबडाच आहे.