आंबा : तुडतुड्यांचा बंदोबस्त मोहोरापूर्वीच करावा

पावसाळा सरल्यावर कोकणातील हापूसच्या कलमांना नवी पालवी येते, आणि मोहोराचे नुकसान करणारे तुडतुडे याच पालवीवर पोसले जातात. पालवीचा शेंडा हळूच वाकवून पाहिल्यास पाचरीच्या आकाराचे करडे कीटक तिरके सरकत पानामागे दडताना दिसतात. पुढे त्यांच्या माद्या मोहोराच्या कोवळ्या दांड्यांत अंडी घालतात. पिल्ले आणि प्रौढ दोघेही रस शोषत असल्यामुळे मोहोर सुकून गळतो, तर त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या चिकट गोड स्रावावर काळी बुरशी वाढून पाने काजळतात. ढगाळ, दमट हवेत हे सारे फार झपाट्याने घडते.

म्हणून पहिली फवारणी मोहोराची वाट न पाहता पालवीवरच करावी. त्यासाठी डेल्टामेथ्रिन २.८ टक्के प्रवाही हे कीटकनाशक १० लिटर पाण्यात ९ मिली या प्रमाणात घ्यावे. केवळ पालवी भिजवून भागत नाही. तुडतुडे एरवी खोडाच्या सालीतील भेगांत आणि आतल्या दाट सावलीत दबा धरून बसतात. तेव्हा खोड, मोठ्या फांद्या आणि कलमाचा आतला भाग चिंब होईल अशीच फवारणी हवी. मजुरी वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी नेमका हाच भाग सोडला जातो. जुन्या, गर्द बागेत काढणीनंतर मधली फांदी विरळ करून ऊन आत येऊ दिलेले असेल, तर किडीचा जोर मुळातच कमी राहतो.

बोंगे (मोहोराचे फुगलेले डोळे) फुटू लागताच लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ५ टक्के प्रवाही १० लिटर पाण्यात ६ मिली याप्रमाणे फवारावे. ही दोन्ही औषधे एकाच रासायनिक गटातील असल्याने साधारण १५ दिवसांनी येणाऱ्या तिसऱ्या फवारणीसाठी गट बदलून इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे १० लिटरला ३ मिली वापरावे, आणि भुरीची (मोहोरावर पांढरी पूड दिसणाऱ्या बुरशीजन्य रोगाची) लक्षणे असल्यास त्यातच हेक्झाकोनॅझोल ५ टक्के ५ मिली मिसळावे. मात्र मोहोर पूर्ण फुललेला असताना पंप बाहेर काढू नये, कारण माश्या आणि मधमाश्या मेल्या तर परागीभवन खुंटते आणि कणी (अगदी लहान फळ) धरत नाही. अशा वेळी तिसरी फवारणी फळधारणा होईपर्यंत पुढे ढकलावी.