आधी दगड ऐका: हाताने दगड घडवायला शिकणाऱ्यांसाठी

हातोडा-छिन्नीचं काम शिकायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारी मुलंमुली अलीकडे वाढली आहेत. कुणी आर्किटेक्चर शिकतंय, कुणाला घराच्या नावाच्या पाट्या कोरायच्यात, कुणाला जुन्या देवळांच्या, बारवांच्या दुरुस्तीत उतरायचंय. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, हत्यारं कोणती घ्यावीत? हत्यारं नंतर. समोरचा दगड कोणत्या बाजूने फुटायला राजी आहे, हे आधी ओळखता आलं पाहिजे. ज्या वडार मामांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांनी सुतकी, म्हणजे दगड घडवायचा हातोडा, हातात देण्याआधी नुसते दगड वाजवायला लावले होते. "आदी ऐक, मंग हान," एवढंच ते म्हणायचे. आज मी दुसऱ्यांना शिकवतो तेव्हाही पहिले काही दिवस याच कामात घालवतो.

मराठवाड्यात आपल्या हाताखाली मुख्यतः तीन दगड येतात आणि तिघांचा स्वभाव वेगळा आहे. पहिला आपल्या पायाखालचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा हा दगड. सांधा किंवा चीर नसलेला चांगला तुकडा मिळाला तर त्याला दिशा अशी नसते. कुठूनही ठोका घाला, विरोध सारखाच. दुसरा शहाबादी. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद भागातून येणारा हा चुनखडीचा दगड पाण्याखाली थरावर थर साचून तयार झाला, म्हणून तो थराथरांत सपाट सुटतो. लातूर, धाराशिव, नांदेडच्या किती घरांत ही फरशी आहे ते सांगायला नको. मराठवाडा आणि कलबुर्गी एकाच हैदराबाद संस्थानात होते, तेव्हापासून आपलं येणंजाणंही जुनं.

तिसरा स्लेट, आपल्या शाळेतल्या दगडी पाटीचा दगड. हा आपल्या मातीत सापडत नाही. आंध्रातलं मार्कापूर पाट्यांसाठी प्रसिद्ध, आणि हिमाचलात कांगडा-चंब्याकडे जुन्या घरांची छपरंच या दगडाची. आता तो भिंतीला लावायच्या टाइल्स म्हणून आपल्याकडच्या फरशीच्या दुकानांत मिळतो. हाताने काम शिकायला मला हा दगड फार मोलाचा वाटतो, कारण दिशा चुकली की तो तिथल्या तिथे सांगतो.

स्लेट मुळात बारीक चिखल. त्याचा मऊ खडक झाला, मग डोंगर घडताना त्यावर प्रचंड दाब आणि थोडी उष्णता आली. अभ्रकासारखी चपटी खनिजं त्या दाबाला काटकोनात, एकाच दिशेने रांगेत बसली. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा दगड त्या रांगेतून सुटतो. नवशिक्याची गफलत होते ती इथे. पुष्कळ स्लेटवर फिकट-गडद पट्टे दिसतात. ते मूळ चिखलाचे थर. त्यांचा फुटण्याच्या दिशेशी संबंध असेलच असं नाही, अनेकदा ते तिला तिरके छेदून जातात. पट्ट्यांवर भरवसा ठेवून छिन्नी लावली की दगड वाकडा तुटतो. शहाबादीत मात्र थर आणि फुटण्याची दिशा एकच. म्हणून शहाबादीवर हात बसलेल्या माणसानेही स्लेट घेतल्यावर कडेकडून नीट बघावं, पाणी लावून बघावं. ओल्या कडेवर बारीक समांतर रेषा दिसतात, त्या खऱ्या.

दुकानदार काळ्या शहाबादीला सर्रास स्लेट म्हणतात. ओळखायचं सोपं आहे: पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा एक थेंब, हातमोजे घालून, कोपऱ्यावर. चुनखडी असेल तर फेस येतो, स्लेटवर येत नाही. नंतर तो भाग भरपूर पाण्याने धुवा. हे माहीत असण्याचा धंद्यातही उपयोग आहे, कारण ओट्याला शहाबादी लावलात तर लिंबाचे, चिंचेचे डाग कायमचे बसतात आणि ग्राहक तुम्हालाच विचारतो.

मग आवाज. तुकडा एका कोपऱ्याला दोन बोटांत सैल धरा आणि बोटाच्या पेराने वाजवा. स्वच्छ टणत्कार आला तर दगड एकसंध आहे. बद्द आवाज आला तर आत कुठेतरी चीर आहे, डोळ्याला दिसो वा न दिसो. बेसॉल्टच्या खांडकीवर हीच परीक्षा हातोड्याच्या हलक्या ठोक्याने करतात.

स्लेट चिरायची पद्धत जगात सगळीकडे जवळपास एकच आहे. ब्रिटनमधल्या वेल्सच्या वायव्येकडच्या स्लेट खाणींचा परिसर २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरला. तिथेही चिरणारे कारागीर रुंद, पातळ पात्याची छिन्नी आणि लाकडी हातोडा वापरत आले. दोन गोष्टी लक्षात ठेवा. खाणीतून नुकत्याच निघालेल्या दगडात ओल असते, तोवर तो छान चिरतो. वाळला की हट्टी होतो. आणि नेहमी मधोमध चिरायचं. जाड ठोकळ्याची पातळ फळी एका बाजूने सोलायला गेलात तर फट पातळ बाजूकडे वळते आणि फळी अर्ध्यात तुटते. दोन्हीकडे सारखी जाडी असेल तर फट सरळ जाते. म्हणजे एकाचे दोन, दोनाचे चार. छिन्नी एकाच जागी खोल न ठोकता कडेने फिरवत हलके ठोके द्या, फट उघडायला लागली की पातं किंचित पिळा. बाकी दगड स्वतः करतो.

कड कापताना आणि भोक पाडताना काम मागच्या बाजूने करायचं. ठोका ज्या बाजूने बसतो त्याच्या पलीकडच्या बाजूला टवका उडतो. छपराच्या स्लेटला मागून टोचलं की पुढच्या तोंडावर भोकाभोवती आपोआप खोलगट वाटी तयार होते आणि खिळ्याचं डोकं तिच्यात बसतं. इतक्या साध्या गोष्टीत किती पिढ्यांची नजर आहे, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

अक्षरं कोरण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण स्लेटचं सगळ्यात जास्त काम आपल्याकडे तेच आहे. कागदावर अक्षरं पूर्ण आकारात काढा, दगडावर उतरवा, आणि खोबण इंग्रजी व्हीच्या आकाराची ठेवा. दोन उतार आणि तळाशी एक स्वच्छ रेघ. सावली त्या रेघेवर पडते आणि अक्षर रंगाशिवाय वाचता येतं. देवनागरीत अडचण येते ती अरुंद जागांची: क, फ यांच्या गाठीतला छोटा तुकडा, ष च्या पोटातली तिरकी रेघ, अनुस्वाराजवळची वेलांटी. दोन खोबणींमध्ये दगड अरुंद उरला की पापुद्रा निघून येतो. म्हणून आतलं, नाजूक आधी कोरा, शिरोरेखा शेवटी घ्या. छिन्नी कडेकडे ढकलू नका. कडेपासून आत, भरीव दगडाच्या दिशेने चालवा. आणि अक्षरांत जरा मोकळी जागा सोडा. छापील फॉन्ट जसाच्या तसा उतरवलेली पाटी दगडावर गुदमरलेली दिसते.

आता काळा पाषाण. इथे सोलणं, चिरणं नाही. कण कण काढत जायचं. पहिला सराव म्हणून मी सगळ्यांना घरातला जुना, गुळगुळीत झालेला पाटा आणायला सांगतो. त्याला टाकी लावा, म्हणजे छिन्नीने ठिपके पाडून तो पुन्हा खरबरीत करा. पाटा, वरवंटा, जातं यांना टाकी लावणारी माणसं पूर्वी गल्लोगल्ली हाक देत फिरायची, काही गावांत आजही येतात. ती आली तर बाजूला बसून त्यांचं मनगट बघा. टोकदार छिन्नी, हलका हातोडा, सारख्या अंतरावर सारख्या खोलीचे ठिपके. पाट्याचा एक कोपरा नीट जमला की हात, डोळा आणि ठोक्याचा ताल तिन्ही जुळायला लागतात, आणि घरात चटणी वाटायला पाटा मिळतो. टाकी लावल्यावर मूठभर तांदूळ वाटून फेकून द्या, दगडाची कच निघून जाते.

छिन्नी बेसॉल्टवर सरळ उभी धरली तर ठोक्याखाली दगड भुगा होऊन पांढरा डाग उमटतो आणि तो खोलवर जातो. घासूनही निघत नाही. तिरकी धरली तर कपची उडते. किती तिरकी, हे दगडच सांगतो. घसरली तर उभी करा, रुतली तर आडवी.

हत्यारांचा क्रम ठरलेला आहे. फोडायला पहार, घण आणि पाचर, ओबडधोबड कमी करायला सुतकी आणि टोकदार छिन्नी, सारखं करायला दाती छिन्नी, शेवटी चपटी. जोडीला काटकोन बघायला गुण्या, उभी रेष बघायला ओळंबा, आणि सूत. एवढ्यावर वर्षभर काम शिकता येतं. बाजारात कार्बाइडचं टोक बसवलेल्या छिन्न्या मिळतात, बेसॉल्टवर त्या फार टिकतात, जरूर घ्या. पण किमान एक पोलादी छिन्नी लोहाराकडून घडवून घ्या आणि तिला पाणी देताना, म्हणजे टोक कडक करताना, भट्टीजवळ उभे राहा. टोक लाल करून फक्त टोकच पाण्यात बुडवतात, मग घासून चकचकीत केलेल्या भागावर मागची उष्णता पुढे सरकताना बघतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. दगडाच्या छिन्नीला पिवळा गडद होताच पुन्हा बुडवायचं. निळ्यापर्यंत थांबलं तर टोक मऊ पडून वळतं; पिवळा येऊच दिला नाही तर ते काचेसारखं तुटतं. आपल्या भागातल्या जुन्या लोहारांना आणि घिसाड्यांना हे रंग बरोबर ठाऊक असतात. हे ज्ञान दगडकामाचा अर्धा हिस्सा आहे आणि दोन्ही धंदे एकमेकांशिवाय जगत नाहीत. छिन्नीच्या डोक्याला फुललेल्या कडा दिसल्या की लगेच घासून काढा, त्यांचे तुकडे गोळीसारखे डोळ्यात जातात. चष्मा पहिल्या दिवसापासून.

ग्राइंडरला माझा विरोध नाही. मोठा ठोकळा मापात आणायला तो वापरावाच. पण शिकताना वर्षभर बाजूला ठेवा, कारण त्याच्या आवाजात दगडाचा आवाज बुडतो आणि फुटण्याची दिशा कळायची राहून जाते.

प्राचीन कारागिरांकडून शिकायचं असेल तर पूर्ण झालेल्या शिल्पांपेक्षा अर्धवट राहिलेली लेणी बघा. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं अपुरं राहिलं, म्हणून ते मला शाळेसारखं वापरता येतं. कातळात आधी लांब चर खणले, मधल्या भिंती ठेवल्या, आणि मग त्या फोडून काढल्या. जिथे खांब हवे तिथे दगड राखला. सगळा कातळ भुगा करण्यापेक्षा उभी भिंत बाजूने फोडणं कितीतरी स्वस्त. वेरुळचं कैलास लेणं, जे राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या, म्हणजे आठव्या शतकाच्या काळातलं मानतात, वरून खाली कोरत आणलं. कळसाचं काम करताना खालचा अखंड कातळच मचाण झाला. तिथे जाल तेव्हा दुपार ढळल्यावर, तिरप्या उन्हात भिंतींवरचे छिन्नीचे ओरखडे बघा. ठोका कुठल्या हाताने, कुठल्या उंचीवरून पडला ते वाचता येतं.

हे सगळं शोभेपुरतं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिवकडची हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. दगडाचा दोष नव्हता. भिंती जाड, पण आतली आणि बाहेरची अशा दोन वेगळ्या रांगांच्या. मध्ये माती आणि भर, गोलसर अनघड दगड, वर माळवदाचं, म्हणजे जाड मातीच्या छताचं, ओझं. दोन्ही रांगांना आरपार बांधणारे जोडदगड नव्हते, त्यामुळे हादरा बसताच भिंत पोटातून फाकली. अशा बांधकामासाठी भारतीय मानकात साधारण दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर जोडदगड सांगितले आहेत. तुम्ही पुढे वाडा दुरुस्त कराल तेव्हा भिंत बाहेरून कितीही सुंदर दिसली तरी हे आरपार दगड आहेत का, ते आधी तपासा. घडीव, सपाट बसणारा दगड माणसं वाचवतो, हे मराठवाड्यात शिकणाऱ्याने विसरू नये.

आणि धूळ. स्लेटमध्ये क्वार्ट्झ बरंच असतं. मध्य प्रदेशातल्या मंदसौरमध्ये पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांना याच धुळीतून होणाऱ्या सिलिकोसिसने गाठलं. फुप्फुसाचा हा आजार बरा होत नाही. बेसॉल्टमध्ये हे प्रमाण खूपच कमी, तरी धूळ ती धूळ. दगड ओला ठेवा, उघड्यावर, वाऱ्याला पाठ करून बसा, एन-९५ मास्क लावा, झाडू न मारता पाण्याने धुवा. ग्राइंडर कोरडा चालवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं तर पगार चांगला असला तरी घेऊ नका, असं मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना सांगतो आणि तुम्हालाही सांगतो.

कामाचं म्हणाल तर नावाच्या पाट्या, तुळशीवृंदावनं, पाटे-जाती यांना मागणी आहे. देवळं आणि बारवांच्या दुरुस्तीत चांगल्या हातांची चणचण आहे. संरक्षित स्मारकाला पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नसतो. पण गावोगावच्या असंरक्षित वास्तूंचं काम लोक स्वतः काढतात आणि तिथे ऑइल पेंट, सिमेंटची दर्जभरणी, म्हणजे दगडांमधले सांधे भरणं, सर्रास होते. सिमेंट जुन्या चुन्यापेक्षा कडक, ओल आत अडकवतं आणि दगडाच्या कडा झिजतात. गावकऱ्यांना हे शांतपणे समजावून चुन्यात काम करून देणारा माणूस हवा आहे.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत मूर्तिकार, दगड कोरणारे आणि दगड फोडणारे आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. नोंदणी सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रातून, पडताळणी ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून. लोहाराचाही त्यात समावेश आहे. तुमच्या छिन्न्या घडवणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन जा.

दर ठरवताना अक्षरांचं काम अक्षरावर घ्या, फरशीचं चौरस फुटावर, टाकीचं नगावर. दगड ग्राहकाने आणला असेल तर काम घेण्याआधी त्याच्यासमोर वाजवून दाखवा, आणि आवाज बद्द आला तर तसं पावतीवर लिहून मगच अनामत घ्या.